दिवेलागणीनंतरच्या मालिका : शीण जातो की वाढतो?

टिळकवाडीकर
दिवसभराचे काम उरकल्यावर मालिका पाहून ज्यांचा शीण खरोखर जातो, त्यांचा तो नेमका कशामुळे जातो, हे मला समजून घ्यायचे आहे. प्रश्न उपरोधाने विचारलेला नाही. मी बेळगावच्या खडेबाजारातील एका दुकानात हिशेब लिहितो. रात्री आठच्या सुमारास घरी पोचतो, तेव्हा आई आणि सौभाग्यवती दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या असतात आणि जेवणही मालिकेच्या साक्षीनेच होते. दोघी रात्री समाधानाने झोपतात. मी मात्र कटकारस्थाने, दाराआडून ऐकलेली बोलणी आणि कपाटातून नाहीशी झालेली कागदपत्रे पाहून उठतो, तो दुकानातून आलो होतो त्याहून अधिक वैतागलेला असतो.

माझे मत असे की विसाव्यासाठी रोजची मालिका हा प्रकारच गैरलागू आहे, कारण प्रेक्षकाला अस्वस्थ करून उद्या पुन्हा आणून बसवणे यासाठीच तिची रचना केलेली असते. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी सविस्तर लिहावे. कोणती मालिका पाहून मन निवते, तेही सांगावे. सीमाप्रश्नासाठी या मंचावर वेगळे धागे आहेत. येथे कृपया केवळ मालिका.

मलप्रभा
तुम्ही जेवताना अर्धवट पाहता, म्हणून वैतागता. नीट बसून आठवडाभर पाहा, म्हणजे कागदपत्रे सापडणारच आहेत याची खात्री पटेल.

खानापूरचे_गुरुजी
टिळकवाडीकरांशी मी सहमत आहे, परंतु दोष मालिका या प्रकाराचा नसून तिच्या रोजच्या रतिबाचा आहे, असे मला वाटते. दूरदर्शनच्या काळात बऱ्याच मालिका 13 भागांच्या असत आणि आठवड्यातून एकदाच लागत. लेखकाला आरंभ, मध्य आणि शेवट ठाऊक असे. 'मालगुडी डेज' आठवून पाहा. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर उमेदवारी केलेल्या शंकर नाग यांनी ती शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे येथे चित्रित केली आणि 1987 च्या सुमारास ती आपण सर्वांनी पाहिली. बहुतेक गोष्टी एका बैठकीत पूर्ण होत, आणि भाग संपला की माणूस मोकळा होई. पुढे 2001 नंतरच्या काही वर्षांत 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेने मराठीत तेच साधले. एका कुटुंबातील एखादा लहानसा पेच, त्याची उकल, आणि शेवटी आबांची, म्हणजे टिपरे आजोबांची, रोजनिशी. त्यात खलनायक नव्हता, आणि कोणाला त्याची उणीवही भासली नाही.

याउलट 'चार दिवस सासूचे' 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 पर्यंत चालली. तिचे 3,000 हून अधिक भाग झाले. शीर्षकातील चार दिवस कोणत्या पंचांगाप्रमाणे मोजले, हे मला आजवर उमगलेले नाही. ज्या कथेचा शेवट तिच्या लेखकालाही ठाऊक नसतो, ती ऐकणाऱ्याला विसावा कोठून देणार?

निपाणीची_लेक
गुरुजी, तुमचे लिहिणे हातातले काम संपवून खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे आहे. आमच्याकडे काम संपत नाही.

माझ्या आईने आणि दोन्ही मावश्यांनी घरी बसून विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि ओलसर करून कापलेली पाने. हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात आणि मजुरीचा हिशेब हजारावरच होतो. संध्याकाळी दिवे लागले तरी शेदोनशे राहिलेल्या असतातच. त्या वेळी बोटे आपोआप चालतात, पण पाठ, मान आणि डोके यांना काहीतरी आधार हवा असतो. तो आधार पूर्वी रेडिओ देत असे आणि नंतर मालिकांनी दिला. मालिका हा कामानंतरचा आराम नव्हे, कामाचा शेवटचा तास सुसह्य करणारी ती सोबत आहे.

आता तुम्ही ज्याला दोष म्हणता तो पाहा. कथा संथ असते, एकच चेहरा तीनदा दाखवतात, पार्श्वसंगीत दणदणते. विडीला दोरा बांधताना आईची नजर सुपात असते. संगीत वाजले की ती मान वर करते, कोणाचा चेहरा आहे ते पाहते आणि पुन्हा खाली बघते. तीनदा दाखवतात म्हणून तर तिला एकदा दिसतो. तुमच्या 'मालगुडी डेज'मध्ये डोळे पडद्यावरून हलवले की गोष्ट निसटते. ज्याचे हात रिकामे आहेत त्यानेच ती पाहावी.

तिसरी_पाळी
निपाणीच्या ताईंचे निरीक्षण मला फार आवडले, पण माझा अनुभव नेमका उलट आहे. मी उद्यमबागेतील एका फौंड्रीत कामाला आहे. भट्टी, यंत्रे आणि घासकामाचा आवाज दिवसभर कानात असतो. घरी आल्यावर मला सर्वाधिक सहन होत नाही ते तेच दणदणणारे पार्श्वसंगीत. म्हणून आमच्या घरी असा करार झाला आहे की मी जागा असताना मालिका आवाज बंद करून लावायची. आश्चर्य असे की घरातील कोणालाही काहीच अडत नाही. कोण रागावले, कोण रडले, कोणी दुधात काय मिसळले, सर्व काही आवाजाविना कळते. संवाद सौभाग्यवती स्वतः रचून म्हणते आणि ते मूळ लेखकापेक्षा निश्चितच चांगले असतात. या प्रकाराने माझा शीण खरोखर जातो. त्याचे श्रेय मालिकेला द्यावे की पत्नीला, हा वेगळा प्रश्न.

मलप्रभा
पत्नीला द्या. ती हे वाचत असेल.

अनगोळची_काकू
टिळकवाडीकर, तुमचा सगळा वाद पुढे काय होणार याच्या हुरहुरीवर उभा आहे. पण पुढचे ठाऊक असले तर? आमच्या गल्लीत ही परीक्षा आपोआप घडून आली.

'तुला पाहते रे' ही मालिका झी मराठीवर 2018 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि 2019 च्या जुलैमध्ये संपली. मी ती पूर्ण पाहिली. ती संपते न संपते तोच सप्टेंबरमध्ये झी कन्नडवर 'जोते जोतेयली' सुरू झाली. तीच कथा, तोच मोठ्या वयाचा उद्योगपती, तीच साध्या घरची मुलगी. आमच्या शेजारच्या अक्का बैलहोंगलच्या आहेत आणि त्यांच्या घरी कन्नड वाहिन्याच लागतात. त्यांना नायक देवमाणूस वाटत होता. मला त्याचे पुढचे सगळे रंग ठाऊक होते. त्या रोज सकाळी नळाला पाणी आले की मला विचारत, आणि मी सांगत नसे.

शेवटी त्यांच्या आग्रहापुढे माझे काही चालले नाही आणि मी मूळ कथा सांगून टाकली. मला वाटले, आता त्या मालिका सोडतील. तसे झाले नाही. उलट त्या म्हणाल्या की आता कसे निवांत पाहता येते, छातीत धडधडत नाही. हा मनुष्य गोड बोलू लागला की मी आधीच ओळखते. त्या तशाच आनंदाने पाहत राहिल्या. पुढे गंमत अशी झाली की कन्नड मालिकेने आपली वाट बदलली. मराठी मालिका वर्षभराच्या आत आटोपली होती, कन्नड मालिका मात्र 2023 पर्यंत चालली. मग माझे भविष्य चुकू लागले आणि अक्कांची धडधड परत आली. त्याबद्दल त्या अजून मला बोल लावतात, जणू पटकथा मीच बदलली.

माझा निष्कर्ष असा की हुरहूर हा विसाव्याचा भाग नाही, एवढे तुमचे बरोबर आहे. पण हुरहूर काढून घेतली तरी मालिका उरते, आणि जी उरते ती पुष्कळ असते.

खानापूरचे_गुरुजी
अनगोळच्या वहिनी, उत्तम उदाहरण दिलेत. कीर्तनाला बसणाऱ्याला आख्यान आधीच ठाऊक असते, तरी तो बसतोच. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या संगीत नाटकांची कथानकेही प्रेक्षकांना पाठ असत आणि तरी लोक रात्र जागवीत. मात्र ते जागरण कधीमधी घडे. दुसऱ्या रात्री प्रेक्षक झोपत असे. रोज रात्री नाटक कंपनी घरात उतरली असती, तर त्या काळच्या रसिकांनीही हात जोडले असते.

निपाणीच्या ताईंना उत्तर देणे राहिले. काम करता करता पाहण्यासाठी संथपणा सोयीचा आहे, हे मला मान्य. परंतु संथपणा एक आणि कारस्थान दुसरे. बाईने बाईच्या जेवणात काहीबाही मिसळल्याशिवाय संथ कथा लिहिता येत नाही, असे थोडेच आहे? माझ्या वर्गातील मुली सुट्टीत मालिकेतील पात्रांची नक्कल करतात, तेव्हा सोशीक नायिका व्हायला कोणी तयार नसते. सर्वांना कट करणारी जाऊ व्हायचे असते, कारण संवाद आणि साड्या तिलाच चांगल्या मिळतात.

निपाणीची_लेक
मुली हुशार आहेत, गुरुजी. काळजी नसावी.

ऊसकरी
आम्हाला पंपासाठी वीज पुष्कळदा रात्रीची मिळते. उसाला पाणी पाजायला गेलो की एक सरी भरेपर्यंत बांधावर बसून राहावे लागते. मी भ्रमणध्वनीवर मालिकेचा एक भाग लावतो. पाणी सरीच्या टोकाला पोचले की भाग थांबवायचा, सरीचे मातीचे दार मोडून पाणी पुढच्या सरीत घ्यायचे, पुन्हा येऊन बसायचे. शीण जातो की नाही ते सांगता येणार नाही, पण झोप लागत नाही, आणि शेतात एकटे असताना माणसांचे आवाज बरे वाटतात. कोल्हापूरकडची 'तुझ्यात जीव रंगला' मी अशीच अर्धी शिवारात पाहिली. त्यातील बोलणे आमच्या चिक्कोडी भागातल्यासारखे वाटे, पुण्याच्या दिवाणखान्यातले वाटत नसे. राणादा चिखलात उतरला की मला त्याचा चिखल तपासून पाहण्याचा मोह होई. बहुधा तो अगदी स्वच्छ असे.

हिशेबनीस
टिळकवाडीकरांनी रचनेचा मुद्दा मांडला आहे, त्यात एक भर घालतो. प्रेक्षकसंख्येची मोजणी करणारी बार्क ही संस्था दर गुरुवारी आकडे देते, आणि आठवड्याच्या आकड्यांवर कथानक वळते. एखादे पात्र अचानक परगावी जाते किंवा मेलेले परत येते, त्यामागे पुष्कळदा गुरुवार असतो. मराठी वाहिन्या ज्या आकड्यांकडे पाहतात ते महाराष्ट्र आणि गोवा मिळून असलेल्या बाजारपेठेचे असतात. आपला जिल्हा कर्नाटकाच्या बाजारपेठेत येतो. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी घरे रोज रात्री भक्तिभावाने ज्या मालिका पाहतात, त्यांच्या वळणावर या घरांच्या आवडीनिवडीचा फारसा परिणाम होत नाही.

यात मला एक विलक्षण स्वातंत्र्य दिसते. आपण पाहिले काय आणि न पाहिले काय, कोणाचे काही बिघडत नाही. ज्या गोष्टीची जबाबदारी आपल्यावर नाही, ती पाहताना शरीर सैल सोडता येते.

मलप्रभा
म्हणजे इतकी वर्षे आपण हिशेबाबाहेरच रडत होतो.

डबेवाले_नव्हे_डिशवाले
हिशेबनीस, स्वातंत्र्य फुकट नसते. 2019 च्या फेब्रुवारीत वाहिन्या निवडून घेण्याचा नियम लागू झाला, तेव्हा मूळ 130 रुपये आणि त्यावरील कर भरून मोफत वाहिन्या मिळू लागल्या आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे पडू लागले. कर्नाटकात वाहिन्यांच्या तयार पुडक्यांमध्ये (पॅकमध्ये) साहजिकच कन्नड वाहिन्या असतात, मराठी वाहिन्या वरून मागून घ्याव्या लागतात. आमच्या केबलचालकाने एका महिन्यात न विचारता मराठी वाहिन्या काढून टाकल्या आणि घरी जो हाहाकार माजला, तो पाहून मला प्रथमच समजले की या घराची संध्याकाळ कशावर टेकलेली आहे. सरकारी फ्री डिशवर दूरदर्शनच्या सह्याद्री (मराठी) आणि चंदना (कन्नड) या दोन्ही वाहिन्या विनामूल्य दिसतात, हे मी सुचवून पाहिले. आईने माझ्याकडे असे पाहिले की पार्श्वसंगीताचीच तेवढी कमतरता होती.

जाता जाता, वाहिन्यांवर तासाला 12 मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती नसाव्यात असा नियम आहे. त्या मिनिटांत आमच्याकडे भाजी निवडून होते.

शहापूरची_सून
मी मूळची गोकाकची, माहेर कन्नड. सासर मराठी, घरात यंत्रमाग आहेत. माग बंद झाले की कानांना पहिल्यांदा शांतता मिळते आणि ती लगेच आम्ही मालिका लावून घालवतो. तिसऱ्या पाळीच्या दादांनी हसू नये.

मला विसावा कशातून मिळतो ते सांगते. त्या दीड तासात सासूबाई मला काम सांगत नाहीत आणि मीही त्यांना औषधाची आठवण करून देत नाही. दोघी एका दिशेला तोंड करून बसतो. मालिकेतील सून उलट बोलली की त्या म्हणतात, "किती आगाऊ आहे पाहा." मालिकेतील सासूने किल्ल्या लपवल्या की मी म्हणते, "किती संशयी स्वभाव." दोघींनाही पुरते कळते की कोण कोणाला काय म्हणाले, आणि कोणालाही राग धरता येत नाही. समोरासमोर हे बोलायचे ठरवले असते तर पंच बोलवावे लागले असते. गुरुजींना नकोशी असलेली कारस्थानी बाई आमच्या फार उपयोगाची आहे.

अनगोळची_काकू
अगदी खरे. सासूबाई असताना आमच्याही घरी हेच चाले. त्या गेल्यावर मी एकटी तीच मालिका पाहू लागले, तेव्हा ती किती रटाळ आहे ते प्रथम ध्यानात आले.

व्यवस्थापन
डिश, केबल आणि पुडक्यांचे दर यांविषयीचे सात प्रतिसाद ग्राहक-तक्रारींच्या धाग्यावर हलवले आहेत.

टिळकवाडीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. निपाणीच्या ताई, शहापूरच्या ताई आणि काकू यांचे वाचून एक गोष्ट दिसते : ज्यांना विसावा मिळतो त्यांच्यापैकी एकही व्यक्ती मालिका एकाग्रतेने पाहत नाही. कोणी विड्या वळते, कोणी पाणी पाजते, कोणी टोमणे मारते, आणि एका घरात तर आवाजच बंद असतो. मी हिशेब तपासावा तसा प्रत्येक प्रसंग तपासत बसतो आणि कागदपत्रे कालच्या भागात कपाटात होती, आज गादीखाली कशी, यावर चिडतो. तरीही माझे मत मी मागे घेत नाही. रचना अस्वस्थतेचीच आहे. तुम्ही मंडळी ती अंगाला लागू देत नाही, एवढेच.

गुरुजींच्या सूचनेप्रमाणे मी आईला 'टिपरे'चे जुने भाग लावून दिले. ती मनापासून हसली. भाग संपल्यावर तिने विचारले, "मग आता उद्या काय?" मी म्हणालो, उद्या वेगळी गोष्ट. त्यावर ती म्हणाली की चांगले आहे, पण यात वाट पाहण्यासारखे काही नाही. तिच्या वयाला सकाळी उठल्यावर रात्रीचे काहीतरी शिल्लक असलेले बरे वाटते. रविवारी 'टिपरे' आणि इतर दिवशी तिच्या मालिका, असे तिनेच ठरवून टाकले आहे.

खानापूरचे_गुरुजी
मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि अजूनही मला तो पूर्णपणे पटलेला नाही, कारण वाट पाहायला लावणारी गोष्ट चांगलीही असू शकते. पण रविवारची जागा मिळाली, हेही थोडके नव्हे.

तिसरी_पाळी
टिळकवाडीकर, तुमच्यापुरता उपाय सांगतो. जेवण आठच्या आधी किंवा दहानंतर घ्या आणि मधल्या वेळात गच्चीत फिरा. तेवढ्याने जमत नसेल, तर आवाज बंद करून पाहा आणि कागदपत्रांविषयीचे संवाद तुम्ही स्वतः म्हणा. तुमच्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ते चांगले साधेल.

मलप्रभा
गच्चीत जाऊ नका. आज कागदपत्रे सापडणार आहेत.

ऊसकरी
काल सापडली. पुन्हा चोरीस गेली.